चष्म्याच्या काचेवरचे ठिपके

येरमाळा, मंगळवार, संध्याकाळ

नंबर वाढला न्हाय! वर्षभर उगाच भ्यायलो. ग्राइंडरवर उसाच्या ट्रॉलीचं लोखंड घासताना सगळं धुरकट दिसायचं. वाटलं, वेल्डिंगचं दुकान आता बंदच करावं लागणार. आज कळंबच्या चष्मेवाल्यानं डोळे तपासले आणि माझाच चष्मा उजेडात धरला. "काका, डोळे ठीक हायत. काच बघा." काचभर बारीक ठिपके. ठिणग्यांचे. आन् म्या रोज फडक्यानं पुसतोय!

नंबरचा चष्मा असल्यावर गॉगल कशाला, असं मीच सगळ्यांना सांगायचो. लई शहाणा! बाजूनं तर डोळा उघडाच की. त्याच नंबरचा नवा चष्मा घेतला, आणि त्याच्यावरून बसणारा, बाजूनंही झाकणारा मोठा पारदर्शक गॉगल. तिथंच वाकून, मान हलवून बघितलं. चष्मा नाकावर दाबत न्हाय.

घरी घालून दाखवला, तर बायको हसून हसून खालीच बसली. "चष्म्याला बी चष्मा आणला व्हय तुमी?"

मग जुना चष्मा उजेडात धरून ती ठिपके मोजायला लागली. बावीसला थांबली. हसणंही थांबलं. "यातला एक जरी..." एवढंच म्हणाली. उठून गॉगलची पट्टी तिनंच माझ्या डोक्यामागं घट्ट केली. तेव्हा तिच्या हनुवटीवरच्या गोंदणाचे तीन ठिपके दिसले. किती दिवसांनी, एकदम स्वच्छ.