कपाटामागचं मांजर

४ सप्टेंबर
पेपरातलं गेमच्या परीक्षणांचं पान दिलं. मोठ्या गेमनी जवळजवळ सगळी जागा खाल्ली. चहाच्या किमतीचा एक गेम उरला होता, तो तळाशी कोंबला. एक खोली, कपाटामागे मांजर. बटण दाबलं की ते आत पळतं, खोली पुन्हा पहिल्यासारखी. सगळी बटणं दाबून झाली. लिहिलं — 'फुकट मिळाला तरी महागच.' संपादक खूश. "काय हाणलंयस!"

७ सप्टेंबर
टाकाऊ गेम आत्याकडे जातात, दुपारची करमणूक म्हणून. मांजराचाही गेला. संध्याकाळी आलो तर ती विणत बसलेली, कंट्रोलर बाजूला पालथा. आणि पडद्यावर मांजर खोलीच्या मधोमध!

"हे बाहेर कसं आलं?"

"मी कुठे काय केलं? नवं मांजर असंच येतं. अंगावर धावून गेलास तर कशाला येईल रे?"

मग मीही हाताची घडी घालून बसलो. मांजराने उंबरा ओलांडला. पलीकडे जिना, वर आणखी एक खोली, तिथे आजारी म्हातारा. ते त्याच्या पायाशी जाऊन झोपलं. इतकी वर्षं हे काम करतोय, इतके महागडे गेम पाहिले — असलं काही पाहिलं नव्हतं.

जेवण गेलं नाही.

८ सप्टेंबर
स्वस्त गेमला मी वेळही स्वस्तातलाच दिला. महागड्याला आठवडा, याला एक कप कॉफी संपेपर्यंत.

संपादकांना म्हटलं, दुरुस्ती छापू. "अरे, मत होतं ना तुझं? मताला कसली दुरुस्ती?" मत कसलं! मी गेम खेळलोच नव्हतो. एवढं साधं वाक्य तोंडातून फुटेना. "बरं," म्हणालो.

९ सप्टेंबर
आत्या शेजारणीला सांगत होती, "आमचा हा पेपरात लिहितो. याचं ऐकून लोक गेम घेतात." मी नसलेलं काम काढून आत गेलो.

१२ सप्टेंबर
गेम करणारीचा नंबर मिळवला. पुढचं पान द्यायचंय. उद्या करतो.

१५ सप्टेंबर
केला एकदाचा फोन. एकटीनेच केलाय तिने गेम. एका दमात सगळं कबूल केलं — घाई, बटणं, सगळं. ती म्हणाली, "अहो, माफी कसली! तुमचं वाचलं म्हणून तर चूक कळली मला. सुधारलाय आता. त्याचीच नवी आवृत्ती आज सगळ्यांकडे आपोआप पोहोचेल." आवाजात राग नव्हता.

सुटलो! आज भूकही लागली.

१६ सप्टेंबर
आत्याने टीव्हीवर मांजराचा गेम लावला. कंट्रोलर बाजूला ठेवताना बोट बटणावर पडलं. मांजर धावतच बाहेर आलं आणि लोळण घेऊन पोट दाखवू लागलं.

आत्या बघत राहिली. "हे ते नव्हे रे," म्हणाली. "हे कुणाकडेही जाईल."