गज्यानं बाकडं पुसलं

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ, मेहकर

डोकं फिरलं आहे माझं. पुण्यात खोलीवरची पोरं माझ्या 'काय बे', 'चल बे'वर हसायची, म्हणून आठ महिन्यांत मी 'बे' सोडला. आज स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर गज्या भेटला, शाळेपासूनचा दोस्त. मी म्हणालो, "कसा आहेस, गजानन?" त्यानं खिशातून रुमाल काढून बाकडं पुसलं. माझ्यासाठी! म्हणे, "बसा साहेब."

तिथंच एक 'बे' टाकला असता तर भागलं असतं. पण मी बावळट, विचारत बसलो की हा शब्द आला कुठून. टपरीवाले काका म्हणाले, उर्दूतून. शेजारचा म्हातारा खवळला, "उर्दू कायची? बैल हाकता हाकता निंगाला तो!" मी त्यांच्या भांडणात रमलो, नेहमीसारखा.

गज्या उठला. "'बे'चा बाप सापडला का सांगजा, साहेब." गेला.

बाकडं काऊन पुसलं त्यानं? दहावीपर्यंत त्याच धुळीत बसत होतो आम्ही. हाक तरी मारायची होती मी.

आता कागदावर बरी सुचते: थांब ना बे, गज्या.