चांदोदचे दोन बाण

दांडिया बाजार, बडोदे
ता. ९ जानेवारी १९१२

ती. सौ. अक्कास,
शरच्चंद्राचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मुलांचा खोकला आता बरा असेल. तिळगुळाचा डबा या वर्षी इंदूरला येणार नाही, त्यांची समजूत काढ.

त्यांना माझ्याकडून दगडांची गोष्ट हवी आहे ना, मग ही सांग. दोनशे वर्षांपूर्वी युरोपात एका विद्वानाला दगडात रुतलेला सांगाडा मिळाला. जगबुडीत बुडालेला हा पापी माणूस, असं त्याने छापून टाकलं. पुढे ऐंशीएक वर्षांनी दुसऱ्याने तो दगड टोच्याने कोरला, तर खालून पुढचे पाय निघाले. माणूस कसला, पाण्यात राहणारं पालीसारखं भलंमोठं जनावर होतं ते. ही गोष्ट मी प्रथम ऐकली तेव्हा पोट धरून हसलो होतो. पहिला विद्वान तोवर मरून गेला होता, तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

आईला ते नशीब लाभलं नाही.

ती पत्रात चार ओळी का घालत नाही, असं तू दोनदा विचारलंस. नानांनी चांदोदला नर्मदेतून महादेवाचे दोन बाण आणले होते, त्यातला आपल्या देव्हाऱ्यातला तुला आठवत असेल. दिवाळीआधी आईने देव घासून उन्हात मांडले होते. बाणाच्या तळाशी मला बारीक जाळी दिसली. हाडाचा दगड झाला तरी तो जिभेला चिकटतो, साधा दगड चिकटत नाही. आम्ही भूस्तर तपासणीवाले रोज हेच करतो. मी उचलून जिभेला लावला. चिकटला. आणि मी आनंदाच्या भरात बोलून गेलो, "आई, हे हाड आहे. हत्तीबित्तीचं असेल, फार जुनं."

आई हात धुऊन आली. म्हणाली, "लोक चांदोदला अस्थी सोडायला जातात. तुझे नाना तिथून अस्थी घेऊन आले. आणि शेवटच्या घटकेला यांच्या तोंडात मी याचंच तीर्थ घातलं."

मी घाबरून म्हटलं, चुकलो, दगडच आहे. तिने माझ्या हातातून बाण घेतला आणि स्वतःच्या जिभेला लावला. ओढून काढावा लागला, अक्का. मला बघवलं नाही.

तेव्हापासून ती देवघरात गेलेली नाही. शिजवलेलं अन्न सोडलं, आता आठ दिवस दूधही घेत नाही. शास्त्रीबोवांनी प्रायश्चित्त सांगितलं, तर म्हणाली, "माझं होईल. यांचं कोण करणार?" काल वैद्य नाडी सोडून उठले. "हवे भगवान पर छोडो, भाई," आता देवावर सोडा, एवढंच बोलले. हे सगळं मी केलं. सुधारण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

मिळेल त्या गाडीने ये. येताना तुझ्या देवाचं तीर्थ आण, माझ्या हातचं ती घेणार नाही.

दुसरा बाण नानांनी तुझ्या लग्नात तुला दिला. कालपासून आई एकच विचारते, अक्काकडचा कसा आहे? मी सांगितलं, तो दगड आहे. तूही तिला तेच सांग. मात्र निघण्यापूर्वी तो जिभेला लावून पाहू नकोस. नंतरही कधी नको.

नको ते बोलून गेलेला तुझा धाकटा भाऊ,
शरच्चंद्र