मंदीसाठी भरलेली कोठी

सोमवार, दिवेलागणीची वेळ

पहिली आली ते नात परी, अन् थेट दाळीच्या कोठीपाशी. मांगून लेक प्रशांत अन् सूनबाई. नागपूरच्या त्याच्या कंपनीत पुन्हा माणसं कमी करून राह्यले म्हणे. मागच्या मंदीत त्याची नोकरी गेलती, तवा तिघंही वर्षभर इथं सिंदी मेघेले माह्याच घरी होते. म्हणून यंदा मी कोठी आधीच भरून ठेवली.

प्रशांत झाकण उघडून हासला. "एकटीले एवढी दाळ? काऊन वं आई?"

परी मधातच बोलली, "आपल्यासाठी! बाबा, मंदी कधी येते? मले आजीपाशी राहाचं हाय."

सूनबाईनं मान खाली घातली. मी पोरीले रागावली, पण आतून असा आनंद झाला का काय सांगू! मंग जीव थाऱ्यावर राहिना. लेकाच्या नोकरीवर उठली का काय मी? देवापुढं हात जोडले, त्याची नोकरी राहू दे म्हटलं. तरी नजर कोठीकडंच.

निघताना त्यायच्या पिशवीत मीच दाळ भरून देली. रविवारी येतो म्हणाले. म्हटलं, रिकामी पिशवी घेऊन येजा, बिऱ्हाडाचं सामान नोको.