आमच्याकडे दहावी आहे

मी, खाली सही करणारी शकुंतला बाबाजी धुरी, वय वर्षे त्र्याहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार मुलुंड पूर्व, मुंबई, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वहस्ते लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझे डोके शाबूत असल्याचा दाखला आमचे नेहमीचे डॉक्टर नंदकिशोर प्रभुखानोलकर यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. डोके तापलेले आहे हे त्यांनी दाखल्यात लिहिलेले नाही, म्हणून ते मी इथे लिहिते.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे काही माझा भाचा निलेश याच्या नावावर होते. ते रद्दबातल समजावे. का, ते पुढे येईलच.

कलम १. मी लग्न केले नाही. माझे कुटुंब म्हणजे माझा थोरला भाऊ कै. सहदेव याचा मुलगा निलेश, निलेशची पत्नी रुचिरा आणि त्यांची एकुलती एक मुलगी प्रांजल. तिघेही निलेशच्या लग्नापासून, म्हणजे प्रांजल तर जन्मापासून, माझ्याच घरात राहतात. मी त्यांच्याकडे राहत नाही, ते माझ्याकडे राहतात. हे लिहायची वेळ आली, कारण गेल्या वर्षी मला माझ्याच घरातून हलायला सांगण्यात आले होते.

कलम २. मुलुंडची सदनिका ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. रात्रपाळ्या करून, कानाला हेडफोन लावून, लोकांची ट्रंककॉलवरची भांडणे ऐकत मी ती घेतली. ही सदनिका माझ्या पश्चात प्रांजलच्या मालकीची होईल. ती सज्ञान होईपर्यंत तिच्या वतीने देखरेख आमचे शेजारी सुबोध केळुसकर करतील. या मृत्युपत्राचे व्यवस्थापकही तेच. आमच्या दोघांच्या घरांमधली भिंत पातळ आहे. त्यामुळे आमच्याकडे काय चालते हे त्यांना वेगळे विचारावे लागणार नाही.

निलेश आणि रुचिरा यांना या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील, पण कलम ७ मधली अट पाळली तरच. अट मोडली तर त्यांनी आपले बिऱ्हाड कुठेही हलवावे. रुचिराच्या भावाकडे विलेपार्ल्याला पुष्कळ जागा आहे.

कलम ३. माझा टीव्ही. तो सध्या त्याच भावाकडे आहे. प्रांजल नववीत गेली त्या जूनमध्ये मी भाजी घेऊन घरी आले, तर भिंतीवर नुसते खिळे दिसले. "आत्या, आमच्याकडे दहावी आहे ना," रुचिरा म्हणाली. मी म्हटले, "अगं, दहावीला अजून वर्ष आहे." तर म्हणे हल्ली नववीपासूनच धरतात.

हे वाक्य मी त्यानंतर इतक्यांदा ऐकले की आता ते कानावर पडले तरी माझा रक्तदाब वाढतो. हळदीकुंकू करायचे नाही, आमच्याकडे दहावी आहे. पाहुणे नकोत, आमच्याकडे दहावी आहे. चतुर्थीला गावी जायचे नाही, आमच्याकडे दहावी आहे. पूर्वी लोक सुतक सांगायचे ते याच आवाजात. सुतक निदान दहा-तेरा दिवसांत फिटते. दहावी एकट्या मुलीची असते. पण सांगताना मात्र ती 'आमची' होते, जणू तिघे मिळून पेपर लिहिणार आहेत. टीव्ही परत आणून त्याच खिळ्यांवर लावावा.

कलम ४. स्वयंपाकघरातले टेबल प्रांजलला. ते कोणी विकायचे किंवा बाल्कनीत ठेवून त्यावर कुंड्या मांडायच्या नाहीत. आठवीपर्यंत प्रांजल शाळेतून आली की या टेबलाशी बसून, मी मटार सोलत असताना, त्या दिवशी शिकलेले सगळे मला सांगायची. मला त्यातले अर्धे कळत नसे. मी फक्त "मग?" म्हणायचे. सांगता सांगता ती मध्येच थांबायची. "थांब, हे मलाच नीट कळलं नाहीये," म्हणून पुस्तक उघडायची. तिचा अभ्यास तेव्हा व्हायचा. शिवाय मटारही सोलून व्हायचे.

माझ्यानंतर दादाची, म्हणजे निलेशच्या बापाची, पाळी. गिरणी बंद पडल्यावर दादा कुडाळकडे गावी जाऊन राहिला होता. तो रोज संध्याकाळी फोन करायचा आणि पहिला प्रश्न एकच, "काय गो बाय, आज काय शिकलंस?" एकदा प्रांजलने त्याला सांगितले की उणे गुणिले उणे म्हणजे अधिक. दादा भडकला. "दोन वायट माणसां एकत्र इली की चांगली होतत काय गो? माका काय पटला नाय." प्रांजलला उत्तर देता येईना. नियम तिला पाठ होता, पण तो तसा का, हे तिने कधी विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गणिताच्या आचरेकर बाईंच्या मागे लागली. बाईंनी तिला उणे दोनचा पाढा उलटा, खाली खाली उतरवत न्यायला सांगितला. शून्याच्या खाली गेल्यावर उत्तरे अधिक होऊ लागतात, हे तिला स्वतःलाच दिसले. संध्याकाळी तिने दादाकडून तोच पाढा फोनवर म्हणवून घेतला. तिची बडबड पार शेजारी सुबोधरावांपर्यंत ऐकू जात होती.

नववीत हे सगळे बंद झाले. शाळा सुटली की क्लास, क्लासनंतर क्लासची टेस्ट. घरी आली की प्रश्न दोनच: "अभ्यास झाला का?" आणि "किती पडले?" भात झाला का, दूध तापले का, तसा अभ्यास झाला का! झाला म्हणजे काय झाले, हे विचारायला कोणाला वेळ नाही. तिला टेबलावरून उठवून माझ्या खोलीत बसवले आणि दार लावून घेतले. मला विचारण्यात आले, "आत्या, तू वर्षभर चेंबूरला सुमनमावशीकडे राहशील का? प्रांजलला खोली होईल." मी निलेशला तेव्हाच सांगितले, "मेल्या, पोरीला खोली नको आहे, ऐकणारं माणूस हवंय." तो हसला. "आत्या, तुझ्या वेळची दहावी वेगळी होती." मी चेंबूरला गेले नाही. हॉलमध्ये झोपू लागले.

कलम ५. माझ्या दोन पाटल्या रुचिराला. ती वाईट नाही. ऑफिस सांभाळून पहाटे उठते, डबा करते, मुलीच्या क्लासच्या दारात उभी राहते. पण उभी राहून करते काय, तर इतर आयांना त्यांच्या मुलांचे मार्क विचारते. तिच्या भावाचा मुलगा केयूर याला दहावीत किती टक्के पडले, हे प्रांजलला स्वतःच्या रक्तगटाहून अधिक पाठ आहे. केयूरला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही, पण नाही म्हणजे नाही.

कलम ६. बँकेतील ठेवी प्रांजलच्या पुढच्या शिक्षणासाठी. तिला जे शिकायचे असेल ते, मग ते चित्रकला असो की लोणची घालणे. त्यातून कोणत्याही क्लासची फी भरायची नाही. सुबोधरावांनी हे डोळ्यांत तेल घालून पाहावे.

कलम ७. आता खरे कारण.

गेल्या मार्चमध्ये दादा आजारी पडला म्हणून मी गावी गेले होते. प्रांजलची वार्षिक परीक्षा चालू होती. नववीची! बोर्डाचीसुद्धा नाही! परीक्षेच्या मधल्याच एका दिवशी दादा गेला. निलेश एकटा आला. मी विचारले, "प्रांजल?" तर म्हणाला, "तिला सांगितलं नाहीये. मी पुण्याला ऑफिसच्या कामाला गेलोय असं सांगितलंय. परवा गणित आहे, आत्या." सख्खा बाप अंगणात ठेवला होता आणि याच्या तोंडात गणित होते.

पेपर झाला की प्रांजल दादाला फोन करायची. दुपारी दादाचा फोन वाजला. पोरीचे नाव दिसत होते. मी हात पुढे केला, तर निलेशने तो उचलून बंद केला आणि खिशात टाकला. मी मुलुंडला घरच्या फोनवर लावला, तो रुचिराने घेतला. "आत्या, प्लीज, तीनच पेपर राहिलेत," म्हणाली आणि ठेवून दिला. प्रांजलला सांगितले की गावात रेंज नाही. ती रोज फोन लावत राहिली. शेवटचा पेपर झाल्यावर तिला आइस्क्रीम खायला नेले आणि तिथे सांगितले.

बाराव्याला तिला गावी आणले. ती रडली नाही, कोणाशी बोललीही नाही. तेव्हापासून ती घरात हो, नाही आणि झाला एवढे तीनच शब्द बोलते. निकाल लागला, गणितात आधीपेक्षा जास्त मार्क पडले. निलेशने मला मार्कलिस्ट आणून दाखवली. "बघ आत्या, आपला निर्णय बरोबर होता की नाही?" ते 'आपला' ऐकून मी ती मार्कलिस्ट भिरकावून दिली.

शाळेने यंदा पालकसभेला बोलावले. दोघेही गेले नाहीत, कारण त्याच दिवशी क्लासचे मार्गदर्शन होते. मी गेले. आचरेकर बाई म्हणाल्या, "पेपर छान लिहिते हो ती. पण वर्गात आता काहीच विचारत नाही. पूर्वी का, कसं म्हणून माझा जीव खायची. घरी कोणाशी बोलते का?" घरी येऊन निलेशला सांगितले, तर त्याने विचारले, "पण मार्क पडतायत ना?"

आणि आता माझे स्वतःचे. माझ्या हृदयाची झडप खराब झाली आहे. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन सांगितले आहे. निलेशने तिथल्या सर्जनना सांगितले, "मार्चनंतर करू या का? आमच्याकडे दहावी आहे." सर्जननी लगेच मान डोलावली. त्यांच्याकडे गेल्या वर्षी होती.

मला मरणाची भीती नाही. पण मी फेब्रुवारीत किंवा मार्चमध्ये गेले, तर हे दोघे मला गुपचूप खाली उतरवतील आणि पोरीला सांगतील की शकुआजी चेंबूरला गेली आहे. या विचाराने माझ्या अंगाची आग आग होते. ते प्रेमापोटी करतील, हे मला कळते. पण ज्या मुलीला आपल्या माणसाचे मरण सांगायची यांना हिंमत होत नाही, तिला हे शिकवणार काय? तिने शाळेत कशाला काही विचारावे? घरात विचारलेल्याचे खरे उत्तर मिळत नाही, एवढेच ती शिकली आहे आणि पक्के शिकली आहे.

म्हणून अट. माझा मृत्यू केव्हाही झाला, बोर्डाच्या पेपरच्या दिवशी सकाळी झाला तरी, तो प्रांजलला त्याच क्षणी, स्पष्ट शब्दांत सांगायचा. रेंज, पुणे, चेंबूर यांतले काही चालणार नाही. लपवले तर निलेश व रुचिरा यांचा राहण्याचा हक्क संपला.

आणि मी जिवंत असेपर्यंत आणि नंतरही, दोघांपैकी एकाने रोज तिच्याजवळ बसायचे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. आज काय शिकलीस, एवढेच विचारायचे. कळले नाही तरी शेवटपर्यंत ऐकायचे, मध्ये सुधारायचे नाही. ती काही बोलली नाही, तरी उठायचे नाही. दोघांनीही पालकसभेला जायचे आणि बाईंना मार्कांखेरीज काहीतरी विचारायचे. हे कोर्टात टिकणार नाही, असे सुबोधराव म्हणतात. नाही टिकले तर नाही, पण लिहून ठेवले आहे.

कलम ८. हे कलम मी लिहिलेले नव्हते. काल दुपारी मी टेबलाशी बसून वरचे लिहीत असताना प्रांजल पाणी प्यायला आली. "काय लिहितेस?" मी कागद तिच्यापुढे सरकवले. तिने उभ्यानेच सगळे वाचले. मग खुर्ची ओढून बसली.

"शकुआजी, सातवं कलम अर्धवट आहे."

"काय राहिलं?"

"नुसतं सांगून काय होतंय? सांगतील आणि लगेच तुला घेऊन जातील. पेपर असला तर मी पेपरला जाणार. पण मी येईपर्यंत तुला हलवायचं नाही."

"अगं, पेपर संपून तू येईस्तोवर दुपार होईल. लोक खोळंबतील."

"खोळंबू दे ना! आजोबांच्या वेळी कोण थांबलं माझ्यासाठी? मी रोज फोन करत होते गं. रोज!"

त्यानंतर ती रडली. वर्षाचे सगळे रडून घेतले आणि मीही रडले. संध्याकाळी निलेश आणि रुचिरा घरी आले, तेव्हा आम्ही दोघी तिथेच बसलो होतो. मी हे कागद त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. रुचिरा मधेच उठून आत गेली. निलेश शेवटपर्यंत बसला. मी जे वाटले ते लिहिले आहे, एक अक्षरही खोडणार नाही.

तरी प्रांजलच्या सांगण्यावरून जोडते: त्या दिवशी तिचा पेपर असल्यास माझा देह ती परत येईपर्यंत घरातच ठेवावा. तिला परीक्षा केंद्रावर तिच्या बापाने सोडावे आणि आणावे. माझ्या अंत्यविधीत तिला जे करायचे असेल ते तिला करू द्यावे, मुलगी आहे म्हणून कोणी अडवू नये. आणि ती दारातून आत आल्यावर, पेपर कसा गेला, असे तिला कोणीही विचारायचे नाही.

स्थळ: मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक: ११ जानेवारी २०२६

सही: शकुंतला बाबाजी धुरी

वरील मजकूर लिहून देणाऱ्या बाईंनी आमच्यासमक्ष वाचून सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: डॉ. नंदकिशोर प्रभुखानोलकर, मुलुंड पूर्व
साक्षीदार २: रुक्मिणी आचरेकर, माध्यमिक शिक्षिका, मुलुंड पूर्व