घड्याळ तात्याबांकडे

अ‍ॅमस्टेलव्हीन
४ मार्च २०२५

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. आशुतोषचा खोकला गेला. आर्या सायकलवरून पडली, पण रडली नाही. तुमच्या सोसायटीची सभा झाली का? इतिवृत्त तुम्हीच लिहिलं असणार, म्हणजे लिफ्टचं भांडणही शुद्ध मराठीत. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’ हे तुमचं वाक्य मला लहानपणी परवच्यासारखं पाठ होतं.

माझा प्रबंध शुक्रवारी छापायला जातोय. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईचा, साडेतीनशे पानांचा. एवढी फुशारकी मला माफ.

तीन आठवडे फोनवर जे टाळतेय, ते आता लिहिते. ज्या लॉ कॉलेजच्या कारभारावर मी लिहिलंय, त्याच्या प्राध्यापक-सभांच्या वह्यांत तुमचे आजोबा सापडले. प्राध्यापकांच्या यादीत नाहीत. ‘पट्टेवाला तात्याबा’ म्हणून आहेत.

तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत. ‘आमचे आजोबा लॉ कॉलेजात होते,’ एवढंच म्हणायचात आणि चहाचा कप उचलायचात. पुढचं ‘प्रोफेसर’ आम्ही मनाने जोडलं. मी तर इथल्या प्रवेशाच्या अर्जातही ठोकून दिलं होतं. परवा गाईडबाईंना खरं सांगून टाकलं, लाज वाटली, पण सांगितलं.

आता १९२६ची नोंद ऐका. कोर्टातून शिकवायला येणारे वकील-प्राध्यापक रोज उशीर करायचे. प्राचार्यांनी ठराव मांडला, की घंटा वेळेवरच होईल आणि कोण किती वाजता आलं ते तात्याबा लिहील. एक प्राध्यापक चिडले: ‘शिपायाने आमची वेळ लिहायची?’ प्राचार्यांचं उत्तर नोंदलंय: ‘घड्याळ त्याच्याकडे आहे, आणि तो कोणाची भीड धरत नाही.’ ठराव मंजूर. पुढे तात्याबांच्या हातची हजेरीवही आहे. प्राचार्य स्वतः एकदा सात मिनिटं उशिरा आले, तेही त्यांनी लिहिलंय. ते वाचताना माझी मान ताठ झाली, बाबा.

आर्याला सांगितलं तर म्हणाली, "सो ही वॉज द पेडेल?" इथे पीएचडीच्या समारंभात पेडेल असतो. झगा घालून, हातात दंड घेऊन तो पुढे चालतो आणि प्राध्यापक त्याच्या मागून. पाऊण तास झाला की तो ‘वेळ झाली’ म्हणतो, आणि कितीही मोठा प्राध्यापक असो, वाक्य अर्धं सोडून थांबतो.

अर्पणपत्रिकेत मला लिहायचंय: ‘पणजोबा तात्याबा, पट्टेवाला, लॉ कॉलेज, यांस.’ सोसायटीत आणि वृंदाआत्याकडे तुम्हाला प्रश्न येतील, हे मला कळतं. तुम्ही नको म्हणालात तर पान कोरं ठेवीन, पण ‘कॉलेजात होते’ असं मोघम लिहिणार नाही. आणि समारंभाला तुम्ही मला पहिल्या रांगेत हवे आहात. पेडेल आत आला की सगळं सभागृह उठून उभं राहतं. ते तुम्ही बघायला हवं.

गुरुवारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर दोनच शब्द पाठवा, दर सभेला लिहिता तेच: वाचून कायम.

तुमची लेक आणि
तात्याबा पट्टेवाल्यांची पणती,
शलाका