लक्ष्मीचा उंबरठा आणि माझी चाकं

मी, चित्रा श्रीनिवास खांबेटे, वय चौऱ्याहत्तर, राहणार टूनगॅबी, सिडनी, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करते. पाय गेले, व्हीलचेअरवर असते. डोके ठिकाणावर आहे, मुलाने नोंद घ्यावी. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द. ती रागात केली होती. हेही रागातच आहे, पण पक्के आहे.

१. राहते युनिट नात स्पृहा हिला. म्हाताऱ्या व अपंग लोकांसाठी शहरात घरे आखण्यात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली. या इमारतीत एकही पायरी नाही, मी ठेवू दिली नाही. स्पृहाने येथे शोभेचाही ओटा बांधू नये.

२. मुलगा हृषीकेश याला माझा घडीचा रॅम्प. त्याच्या ब्लॅकटाउनच्या घराचा नकाशा मीच काढला होता, दार जमिनीशी सपाट. मग पुण्याच्या वास्तुतज्ज्ञाने व्हिडिओ कॉलवर भला उंच उंबरठा घालायला लावला. "आई, लक्ष्मी त्यावरूनच येते," हृषी म्हणाला. रॅम्पही टेकवू दिला नाही. उंबरठ्याला चाक लागू नये म्हणे. वास्तुशांतीला लक्ष्मी, गुरुजी आणि केटररचा ढोकळा पुढच्या दाराने गेले. मी गराजमधून, लॉनमोवरला वळसा घालून. "नो वरीज आजी, गराज इज फाइन," स्पृहा म्हणाली. तिला माफ आहे, खुर्ची तीच ढकलत होती. मला मात्र फार वाईट वाटले, अजून वाटते.

३. सून सुखदा हिला माझी पैठणी आणि मिक्सर. खुर्ची गराजच्या आतल्या दारात अडकली, तेव्हा तिने प्रसादाचा शिरा तिथे आणला आणि पेंटच्या डब्यावर बसून माझ्याबरोबर खाल्ला.

४. शेजारी यतिन माझ्या रॅम्पवर कचऱ्याचे बिन ठेवतो. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून त्याला साक्षीदार केले आहे.

५. माझ्यामागे हृषीकेशला हॉलमध्ये माझा फोटो लावायचा असल्यास तो माझ्या व्हीलचेअरवर ठेवून पुढच्या दाराने ढकलत न्यावा. उचलू नये. चाके अडतील तिथेच खिळा ठोकून लावावा. पाहुण्यांनी विचारल्यास उत्तर त्यानेच द्यावे.

मात्र माझ्या हयातीत उंबरठा निघाला, तर कलम पाच रद्द, आणि मी रविवारी जेवायला येते.

टूनगॅबी, १४ मार्च २०२५
सही: चित्रा श्रीनिवास खांबेटे

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर सही केली:
१. निहारिका दिघे
२. यतिन पोतनीस (बिन हलवून आत आला)